सरावाच्या दिवशीचा पाचवा फोन

६ जानेवारी, सोमवार

आजपासून वर्ग माझ्या ओसरीवर. डॉक्टर म्हणाल्या होत्या शाळेत घ्या, पण शाळेची बाकं लहान मुलांची. वर्गातल्या शिवणवालीचे गुडघे त्यात शिरले तर निघायचे नाहीत. ओसरीवर सतरंजी टाकली आणि खुंटीवर जनावराच्या तोंडाचं चित्र टांगलं. सगळे म्हणाले, आता खरी शाळा वाटते.

डॉक्टर म्हणजे मोठ्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या बाई. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलायला लागल्या की माझी सासू आठवते. आसपासच्या सगळ्या गावांना त्या एकट्या आणि त्यांची एक मोटरसायकल. लाळ्या-खुरकूत एका गोठ्यात आली की त्यांना कळेपर्यंत ती दहा गोठ्यांत गेलेली असते. म्हणून प्रत्येक गावात चारचौघांना शिकवून ठेवायचं: रोग ओळखायचा कसा, जनावर वेगळं कसं बांधायचं, कुणाला कळवायचं, वाट कुठे बंद करायची. मी त्यांच्याकडे राहून शिकून आले. आता गावातल्या नऊ जणांना मी शिकवायचं. चौथीपर्यंतची शाळा आणि पुढे हाताला लागेल ते वाचणं, एवढ्या भांडवलावर.

पुस्तकातला पहिला धडा वाचून दाखवला. त्यात लिहिलंय, "आजारी जनावर खिन्न दिसते." मेंढपाळ लगेच म्हणाला, "काकू, बरं जनावर खिदळताना कुणी पाहिलंय का?" या मेंढपाळाला सगळे गप्प्या म्हणतात, कारण तो कधी गप्प बसत नाही.

हसता हसता पाऊण तास गेला. हे असते तर कोपऱ्यात बसून सुतळी वळत ऐकत राहिले असते, आणि सगळे गेल्यावर माझं काय चुकलं ते सांगितलं असतं.

९ जानेवारी, गुरुवार

आज घरोघर जाऊन लक्षणं पाठ करून घेतली. कागदावर चार ओळी लिहिल्या आहेत: तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, चारा नाकारते, पाय झटकते, दूध एकदम कमी होते. फोन केला तर याच क्रमाने सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. बायकांनी पटकन पाठ केलं. पुरुष म्हणाले आम्हाला हे माहीतच आहे, आणि दोन ओळींनंतर अडकले.

विहिरीकडची गल्ली शिवणवालीकडे दिली. तिथे माझ्या दिराचं घर आहे. मला तिकडून जायचं तर उलटा फेरा पडतो.

आज गुरुवार, म्हणून खालच्या हौदावर गर्दी. वरच्या वस्तीत दर गुरुवारी आपला हौद उपसून घासतात. त्या दिवशी त्यांची सगळी जनावरं आमच्या हौदावर येतात. आधी कोण पाणी पाजणार यावरून दर गुरुवारी भांडण होतं आणि दर शुक्रवारी सगळे विसरतात.

१६ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर आल्या होत्या. बावीस तारखेला सराव ठरला. खोटी साथ लावायची. चार घरांना भूमिका द्यायची. त्यांनी फोन करून सांगायचं, आमच्या गोठ्यात असं असं झालंय. मग आमची माणसं धावतील, वाट बंद करतील, पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याचं पाणी दारात ठेवतील. सगळं खऱ्यासारखं. कुणी मध्येच हसून "अहो, नाटक आहे हे" म्हणायचं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "आणि सराव चालू असताना खरंच काही झालं तर? कुणी पडलं, बैलाने शिंग मारलं? नाटक थांबवायला एखादा शब्द पाहिजे."

यावर बरीच डोकेफोड झाली. शेवटी गप्प्या म्हणाला, "पोरं खेळताना म्हणतात ते. टाइम प्लीज."

डॉक्टर आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हेच ठेवू. कुणी विसरणार नाही." चारही घरांना आणि आम्हा सगळ्यांना तो शब्द सांगितला.

घरं निवडताना डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, तुमच्या दिरांकडे सगळ्यात जास्त जनावरं आहेत. एक भूमिका तिकडे देऊ."

मी म्हटलं, "ती गल्ली अरुंद आहे. माणसांची गर्दी होईल."

त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं घर घेतलं. गल्ली तशी अरुंदच आहे.

१९ जानेवारी, रविवार

वर्ग नाही. ह्यांचे बूट उन्हात ठेवले, बुरशी धरत होती.

जाऊ वाटेत भेटली. म्हणाली, "जाऊबाई, आम्हाला काही काम नाही का तुमच्या नाटकात?" मी म्हटलं, घरं ठरली आता. ती म्हणाली, "बरं." मग सांगत बसली की बाजारातून नवी कालवड आणलीय, आणि राणीचं वासरू आता उड्या मारतं.

राणी म्हणजे तांबडी. वाटण्या झाल्या तेव्हा मी शेळ्या घेतल्या आणि गाय त्यांच्याकडे गेली. मीच म्हटलं होतं, मला गाय झेपायची नाही. तिची आई गेली तेव्हा ह्यांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती. तिचं नाव तांबडी. जावेने ते बदलून राणी केलं. ज्याच्या गोठ्यात गाय, त्याच्या तोंडी नाव. माझं काही म्हणणं नाही. फक्त गायीला राणी म्हणणं मला जरा नाटकी वाटतं.

२२ जानेवारी, बुधवार

सराव झाला! आणि काय सुरेख झाला!

मी ओसरीवर टेबल टाकून फोन घेऊन बसले. शेजारी डॉक्टर, हातात घड्याळ. सगळी माणसं अंगणात तयार. पहिला फोन निवृत्त पोस्टमास्तरांचा. त्यांनी चारही ओळी इतक्या गंभीरपणे म्हटल्या की शोकसभेत बोलताहेत असं वाटलं. माझी दोन माणसं निघाली. दुसरा फोन कुंभारणीचा. ती सगळं विसरली आणि म्हणाली, "खात नाही, नुसता बसून असतो, हाक मारली तरी उठत नाही." मी विचारलं, "बाई, गाय की नवरा?" अंगणात जो हशा पिकला! डॉक्टरही तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. तिसरा, चौथा फोनही वेळेवर आले. सगळे पांगले, वाटा बंद झाल्या, सोड्याच्या पाण्याची घमेली दारादारात पोचली.

एक गंमत राहिली. पाचवाही फोन आला. जावेचा.

"हॅलो. राणीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबताहेत. चारा नाकारतेय. पाय झटकतेय. दूध एकदम कमी झालंय."

कागदावरचे शब्द, कागदावरच्याच क्रमाने. मी यादी पाहिली. तिचं नाव अर्थातच नव्हतं. मी म्हटलं, "छान पाठ केलंस गं. पण या नाटकात तुला पार्ट नाही."

मागे सगळे पुन्हा हसले. ती म्हणाली, "जाऊबाई, मी गोठ्यातनं बोलतेय."

मी म्हटलं, "आज सगळं गाव गोठ्यातनंच बोलतंय."

तिने फोन ठेवला. रागावली असेल. तिला पहिल्यापासून पुढेपुढे करायची हौस. पण पाठांतर मात्र सगळ्यांत चोख. शिवणवालीने चांगलं शिकवलं आहे, तिला तसं सांगायला हवं.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, "पाचवा फोन कुणाचा होता?" मी म्हटलं, घरचा. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात असाच सराव तुम्हीच घ्या, मावशी. दुपारी जेवताना घास उतरेना, इतका आनंद झाला. हा सांगायचा कुणाला, हे मात्र ताट धुताना आठवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

हौदावर जाऊ दिसली. मी हाक मारली, तिने मान फिरवली. रुसवा अजून आहे तर. दीर गायी घेऊन पाणवठ्यावरून परत चालले होते. त्यांना विचारलं, "काय म्हणते हो तुमची नाटककंपनी?" ते म्हणाले, "तुम्ही काही नाही म्हणालात ना वहिनी, मग काही नाही." आणि गेले. बोलणं नीटसं कळलं नाही, पण मला घाई होती.

२५ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी गप्प्या दारात येऊन उभा राहिला आणि बोलेना.

मग म्हणाला, "काकू, तुमच्या दिराची तांबडी गाय. हौदावर होती. पाय झटकत होती. आता कुठलाही सराव नाहीये ना?"

मी चप्पल न घालता गेले.

त्या गोठ्यात मी वाटण्यांनंतर पहिल्यांदा पाऊल टाकलं. तांबडी भिंतीशी उभी होती. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. जबडा उघडून पाहिला तर जिभेचं कातडं सोलून निघालेलं. खुरांच्या बेचक्यात फोड. नवी कालवडही तशीच. वासरू अजून ठीक दिसत होतं, गायीला लुचायला धडपडत होतं आणि ती त्याला सडाला तोंड लावू देत नव्हती. सडांवरही फोड होते.

गायीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने ओळखलं असं मी लिहिणार नाही. तापातलं जनावर कुणाचीही चाहूल लागली की मान वळवतं.

दीर म्हणाले, "बुधवारी हिने तुम्हाला फोन केला होता. तुम्ही हसलात म्हणाली. मी म्हटलं, वहिनी शिकून आल्यात. त्या हसल्या म्हणजे काळजीचं काही नसणार. फिरव गाय, पाणी पाज, बसून राहिली तर अंग धरेल."

जाऊ दाराशी उभी होती. टाइम प्लीज हा शब्द तिला माहीतच नव्हता. ज्यांना भूमिका दिल्या त्यांनाच आम्ही तो सांगितला होता. ज्यांच्याकडे खरंच काही घडू शकत होतं त्या बाकी सगळ्या गावाला सांगायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पण हे मी आत्ता लिहिताना म्हणतेय. तिथे उभी असताना मला एवढंच सुचत होतं की वासरू वेगळं बांधायला पाहिजे. ते बांधलं आणि डॉक्टरांना फोन केला.

२६ जानेवारी, रविवार

डॉक्टर उजाडताच आल्या. नमुने घेतले. दिराला विचारलं, "पहिलं लक्षण कधी दिसलं?"

दीर म्हणाले, "कालपासून."

भीती वाटली असणार. हौदावर गाय त्यांनीच नेली होती. गाव त्यांना सोडणार नव्हतं. जाऊ खाली बघत राहिली. मला वाटलं, ती सांगेल. ती माझ्याकडे बघून पुन्हा खाली बघायला लागली. ती मला वाचवत होती, की नवऱ्याला, की दोघांना, ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "जिभेवरची जखम मला जुनी वाटते. पण ठीक आहे. काल म्हणजे आधीचा एक दिवस धरून शुक्रवार. शुक्रवारपासून हौदावर कोण कोण आलं, ते शोधा."

मी हिशेब करत होते. शुक्रवार म्हटलं की फक्त आमचं गाव. बुधवार म्हटलं की मध्ये गुरुवार येतो. गुरुवारी वरच्या वस्तीची सगळी जनावरं त्याच हौदावर तोंड घालून गेली होती.

मी म्हटलं, "बुधवारपासून. सरावाच्या दिवशीचा पाचवा फोन. गाय खरी होती. मी हसले."

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "बुधवार? मग वरची वस्तीही आली यात. गप्प्या, तू वर जा. पण गोठ्यात शिरू नकोस, बाहेरूनच सांग, जनावरं दावणीलाच ठेवायची. मावशी, तुम्ही या गोठ्यात हात घातलात ना? मग आता तुम्ही आजारी गोठ्याच्या. निरोगी जनावराजवळ जायचं नाही. शिवणवाली बाकीचं बघेल." आणि मोटरसायकलच्या पेटीतून लसीचा डबा काढला. लस बाहेरच्या कडेने देत देत आत यायचं, हे मीच नऊ जणांना शिकवलं होतं.

दुधाची गाडी गावाबाहेरूनच परत गेली. हौद उपसला.

दिराने माझ्याकडे पाहिलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

वासरू गेलं. आजारी दिसतही नव्हतं. सकाळी उभं होतं, वळलं आणि पडलं.

डॉक्टर म्हणाल्या, लहान वासरांत हा रोग फोड येण्याआधीच काळजाला धरतो. "हृदय अचानक थांबलं. कुणाला काही करता आलं नसतं." हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं आहे. तेव्हाही सांगणारा डॉक्टरच होता आणि तेव्हाही मी दारात उभी होते.

मी विचारलं, "बुधवारीच वेगळं बांधलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "कदाचित वाचलं असतं. कदाचित नसतं. मी खोटं सांगणार नाही."

दिराने आणि गप्प्याने खड्डा खणला. खाली-वर चुना टाकला. तांबडी दिवसभर हंबरत होती. माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. एरवी ऐकू येत नाही, किंवा येत असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

गावात आणखी सात गोठ्यांत लागण झाली. वरच्या वस्तीत दोन म्हशींना ताप आला. पण त्या रविवारपासून दावणीलाच होत्या म्हणून शेजारच्या गोठ्यात गेलं नाही. तिथल्या म्हाताऱ्याने गप्प्याला सांगितलं, एक दिवस उशीर झाला असता तर आमची सगळी दावण बसली असती. गप्प्या हे मला पुन्हा पुन्हा सांगतो. त्याला वाटतं, मला त्याने बरं वाटेल.

शिवणवाली आज रडत आली. एका घराने तिच्या तोंडावर दार लावलं. म्हणे, "तुम्ही बायकाच गोठ्यागोठ्यात फिरून रोग वाटताय. आधी नाटक केलंत, आता खरं आणलंत."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुमच्या पोरीच्या झंपराच्या बाह्या अजून माझ्याकडे पडल्यात, आता तिला बिनबाह्यांचाच घाला."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मग दारातूनच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, मला यातून मोकळं करा. शेजारच्या गावाला दुसरं कुणीतरी शिकवू द्या.

त्या म्हणाल्या, "मावशी, सोडायचं असेल तर एप्रिलनंतर सोडा. आत्ता माझ्याकडे माणूस नाही." आणि फोन ठेवला. समजूत घालतील असं वाटलं होतं. ती त्यांची पद्धत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज सकाळी तांबडीचं तोंड परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने धुते. मी आजारी गोठ्याची, म्हणून हे काम माझं. जाऊ जबडा धरते, मी मग्याने पाणी ओतते. आधी आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. वर धर. सोड. पुरे.

आज ती म्हणाली, "ताई, मी हिला राणी म्हणते ते तुम्हाला आवडत नाही."

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? विहिरीवर यायला तुम्ही सगळ्या गावाला वळसा घालता. गोठ्यावरून जावं लागतं म्हणून."

मी मग्यात पाणी भरलं. ती म्हणाली, "आमच्याकडे आणली तेव्हा तांबडी म्हणून हाक मारली की ही दाराकडे बघायची. भाऊजी आत येतील म्हणून. कितीतरी वेळ बघत राहायची आणि मग चाराच खायची नाही. यांना म्हटलं, ही उपाशी मरेल. म्हणून नाव बदललं. राणी म्हटलं तर दाराकडे बघत नव्हती. खात होती."

मी पुढचा मगा ओतला. तिने जबडा धरून ठेवला. पाणी जावेच्या बाहीवर उडालं, ते डाग आता निघायचे नाहीत.

घरी यायला जवळचीच वाट घेतली. पाय तिकडेच वळले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाय थोडा हिरवा चारा खाते. दूध आटलं आहे, डॉक्टर म्हणतात या वेताला परत यायचं नाही. जाऊ म्हणाली, "न येऊ दे."

दीर आज पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही बुधवार म्हणालात, तेव्हा मला फार राग आला होता."

मी म्हटलं, "आला असणारच."

ते म्हणाले, "आता वरच्या वस्तीचे लोक मला रस्त्यात थांबून नमस्कार करतात. मी काय केलंय, तेच मला कळत नाही." मग चाऱ्याचा भारा उचलून आत गेले. राग गेला की नाही, ते सांगितलं नाही.

वर्गातल्या नवांपैकी दोघे सोडून गेले. जाऊ म्हणाली, "मी येऊ का?" मी म्हटलं, "शिकायला नवीन असं काय उरलंय तुला? चारही ओळी तर तुला पाठ आहेत." म्हणाली, "आता पाचवी शिकते." पाचवी कुठली, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२ मार्च, रविवार

शेजारच्या गावातला सराव आज झाला. आमचं गाव मोकळं जाहीर झालं, मग आम्हाला यायची परवानगी मिळाली. येताना बूट, कपडे, हात सगळं सोड्याच्या पाण्याने धुऊन आलो. आदल्या दिवशी आम्ही त्या गावात घरोघर गेलो. एकही गल्ली सोडली नाही. थांबवायचा शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांना सांगितला. नियमही बदलला: यादीत नसलेला फोन आला तर विचारायचं काही नाही, उठून जायचं.

त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. फोनवर मी, शेजारी जाऊ. ठरलेले चार फोन आले. माणसं पांगली. मग आणखी एक आला, एका म्हाताऱ्याचा.

"अहो, आमची बकरी. तोंडाला फेस आलाय. भांड्यातनं उतू जावं तसा."

पाठ केलेल्यातला एकही शब्द नव्हता. यादीत नावही नव्हतं. टेबलाभोवतीचं कुणीतरी म्हणालं, "त्यांना करमत नाही हो, ते रोज कुणाला ना कुणाला फोन करतात." दोघेतिघे हसले.

जाऊ तोपर्यंत उठून बूट चढवत होती.

घर गावाच्या टोकाला. उन्हातून बरंच चालावं लागलं. म्हातारा दारातच उभा होता, हातात बकरीची दोरी. आतून त्याची बायको ओरडत होती. बकरीच्या तोंडाला खरंच फेस होता, पांढराशुभ्र. जावेने जबडा धरला, मी बोट घालून पाहिलं. जीभ गुलाबी. हिरड्या स्वच्छ. एकही फोड नाही. चारही पाय उचलून खुरांच्या बेचक्या पाहिल्या. ताप मोजला. मग वास आला.

मी म्हटलं, "आजोबा, हिने काय खाल्लंय?"

आतून म्हातारी म्हणाली, "माझ्या धुण्याच्या साबणाची नवी वडी खाल्लीय तिने! मघापासून सांगतेय, पण माझं कोण ऐकतंय!"

म्हातारा ओशाळला. म्हणाला, "उगाच एवढ्या लांब चालवलं तुम्हाला."

जाऊ म्हणाली, "आजोबा, पुन्हा काही वाटलं की पुन्हा फोन करा. साबण असला तरी करा."

बकरीला भरपूर पाणी पाजायला सांगितलं. आम्ही हात धुतले, बूट धुतले, आणि आलो तशा परत निघालो. वळणावर जावेने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्हाला हसू आवरेना. रस्त्याच्या कडेला बसून, पोट धरून हसलो. जाऊन, पाहून, परत येताना हसलो.

व्हरांड्यात पोचलो तेव्हा फोन पुन्हा वाजत होता.